घोड्याला बांधलेली पोर

१२ नोव्हेंबर, बुधवार

ही डायरी डॉक्टरांनी शुगर लिहायला दिली. सकाळची लिहायची, जेवणानंतरची लिहायची. आज दोन्ही लिहिल्या. पण त्या दोन आकड्यांनी पान काही भरत नाही, आणि कोरं पान वाया घालवायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून हे. मी तिसरीपर्यंत शिकलेली. चौथीचा वर्ग ओढ्यापलीकडे होता आणि माझी आई म्हणायची, पोर वाहून गेली तर चौथी काय कामाची? तेव्हा वाचणाऱ्याने चुका काढू नयेत. तसं वाचणारं आहेच कोण म्हणा.

आज घरात तोफा चालल्या. माझा लेक सुजित अंबरनाथच्या केमिकल फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर आहे. दिवसभर लोकांना ओरडतो, हेल्मेट घाल, पट्टा लाव. त्याची मुलगी राजसी, अकरावीत, ती बदलापूरच्या पुढं जयदेव सरांच्या तबेल्यात घोड्यावर बसते. नुसती बसली असती तर कोण कशाला बोललं असतं? पण हिचा खेळ निराळा. इव्हेंटिंग म्हणतात. पहिल्या दिवशी घोड्याची कवायत, म्हणजे पाऊल इथं टाक, तिथं वळ. दुसऱ्या दिवशी माळावरून सुसाट, वाटेत ओंडके, चर, पाण्याचं डबकं, सगळ्यावरून उडी. तिसऱ्या दिवशी रंगीत बांबूंवरून. दुसरा दिवस तो खरा. बाकीचे दोन सोनियासाठी, म्हणजे आमच्या सूनबाईसाठी. तिला तेवढेच बघवतात.

दिवाळीनंतर राजसी पडली. घोडा ओंडक्यापुढं थांबला, ही एकटीच पलीकडे गेली. उठून तीनदा विचारलं, आज गुरुवार ना? होता रविवार. डोक्याच्या डॉक्टरांनी तीन आठवडे घोडा बंद सांगितला. ते आज संपले आणि हिने जेवतानाच विचारलं, "बाबा, डिसेंबरला पुण्याकडे स्पर्धा आहे. नाव देऊ?"

"नाही."

"बाबा, प्लीज ना."

"राजसी, विषय संपला."

ती ताट सोडून उठली. मी सुजितला म्हटलं, अरे, पोरं पडतातच. तुझा बाप छकड्याच्या शर्यतीत किती वेळा पडला! तर म्हणतो, "ती पडली म्हणून नाही, आई. पडल्यावर चक्कर येत असताना उठून परत घोड्यावर चढायला निघाली, म्हणून."

आता बोला. मला तर तेच आवडलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

मिटलं. म्हणजे अर्धं मिटलं. मी दोन दिवस जेवताना काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली की घरात सगळ्यांना ताप आल्यासारखं होतं. सुजित शेवटी म्हणाला, "एक. एकच स्पर्धा. आज्जी बरोबर जाईल. तिथं काय होतं ते बघून मी कायमचं ठरवेन. मग पुढची रडारड नको."

राजसीने त्याच्या गळ्यात उडी मारली. तो तसाच काठीसारखा उभा. पण मी बघितलं, हात हळूच तिच्या मानेवर फिरवून घेतला. जिथं लागलं होतं तिथं.

फेब्रुवारीत आणखी एक मोठी स्पर्धा आहे, राज्याची. डिसेंबरचं नीट झालं तरच ती. राजसीने माझ्या कानात सांगितलं. मी म्हटलं, होईल. मी एकवीरा आईला नारळ बोलते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज माझी अब्रू गेली आणि मला फार मजा आली.

तबेल्यात मी पहिल्यांदाच गेले. घोड्याचं नाव बत्ताशा. कपाळावर पांढरा ठिपका, अगदी बत्ताश्याएवढा. आधी रेसकोर्सवर पळायचा म्हणे, तिथं काही दिवे लावले नाहीत, म्हणून इकडे आला. डोळे मोठे, पापण्या सिनेमातल्या बाईसारख्या. मी गूळ नेला होता. त्याने गूळ खाल्ला आणि माझ्या पदराला नाक पुसलं. माहेरच्यासारखं वाटलं.

मग राजसीने अंगात एक काळं जाकीट घातलं. जाकिटातून निघाली दोरी, आणि ती दोरी या मुलीने स्वतःच्या हाताने खोगिराला अडकवली! मी डोळे चोळून पुन्हा बघितलं.

आता हे सांगायलाच पाहिजे. आमच्या पालेगावात छकड्याची शर्यत म्हणजे देवाखालोखाल. आता तिथं टॉवर झालेत, आमच्या चिंचेच्या जागेवर तलाव बांधून लोक पोहतात, पण तेव्हा माळच माळ होता. तिथं पहिला धडा एकच. बैलाचा कासरा हातात धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. बैल उधळला तर हात सोडता आला पाहिजे. माझे दीर कैलास भावजींनी एकदा गुंडाळला. बैलांनी त्यांना शेताच्या त्या टोकापर्यंत ओढत नेलं. अजून चहाचा कप डाव्या हाताने धरतात. परवाच आले होते, तेव्हा मला म्हणाले, "वयनी, पोरीला सांग, जनावराला सवताला बांदून घ्याचा नाय."

आणि इथं पोर घोड्याला बांधलेली! तीही शिकलेल्या लोकांच्या देखत!

मी काही बोलले नाही. राजसी हातमोजे घालत होती, मी बत्ताशाला कुरवाळायच्या निमित्ताने जवळ गेले आणि दोरीची कडी हळूच सोडून दिली. वर पदर झाकला.

पण जयदेव सर फौजेतले. साताऱ्याकडचे, मिशा अशा की त्यांवर चिमण्या बसाव्यात. त्यांच्याकडे रीतच आहे, मूल घोड्यावर बसलं की निघायच्या आधी ते स्वतः सगळीकडे हात लावून बघतात. टोपीचा पट्टा, खोगिराचा पट्टा, दोरी. दोरीपाशी हात थांबला.

"ही कुणी सोडली?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मी."

"का हो आजी?"

"पोर मारायचीय का तुम्हाला? पडली तर फरफटत जाईल ना ती!"

राजसीने कपाळावर हात मारला. "आज्जी! अगं काय केलंस!"

जयदेव सर आधी लाल झाले, मग हसले. "आजी, अवो ही दोरी बांधून ठिवायची न्हाई. पोर खोगिरावरनं उडाली की दोरीला हिसका बसतो, दोरी सुटती आन् जाकिटात हवा भरती. मानंला, बरगड्यांना गादी. जिमिनीवर पडायच्या आत. तुमी सोडलीसा, म्हंजी गादीच काढून घेतलीसा की पोरीची."

मी म्हटलं, असं कुठं असतं का?

"बसा मग."

त्यांच्याकडे लहान पोरांना शिकवायला एक तेलाचं पिंप आहे, आडवं, त्यावर खोगीर. खाली पेंढा. मला जाकीट घातलं, पिंपावर बसवलं. लुगडं सावरून बसले मी, अडुसष्टाव्या वर्षी. दोरी अडकवली. "आता पडा," म्हणाले. पडा म्हटल्यावर पडता येतं का कुणाला? राजसीने हळूच ढकललं.

फट्!

मला वाटलं पिंप फुटलं. बघते तर मी पेंढ्यात, आणि माझ्याभोवती कुणीतरी घट्ट मिठी मारल्यासारखं. गळ्यापासून कमरेपर्यंत टम्म. सुजितचा बाप हिरामण गेल्यापासून मला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं. पोरं हसून लोळत होती. मी म्हटलं, पुन्हा एकदा! तर म्हणे पुन्हा नवी गॅसची नळी घालावी लागते.

येताना जयदेव सर म्हणाले, आजी, काळजी करायची आन् बघायचं, पर हात लावायच्या आधी इचारायचं. मी कान पकडले. खरं सांगते, बोलले ते लागलं नाही. हवा भरलेल्या माणसाला काय लागणार.

२ डिसेंबर, मंगळवार

शुगर वाढली. लाडू खाल्ला हे लिहीत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

घोड्यावर बसायची पँट शिवायला उल्हासनगरला गेले होते, कॅम्प पाचला. जीन्सवाल्यांची गल्ली आहे तिथं ताणणारं कापड मिळतं. दुकानदार सिंधी, सगळे त्याला साईं म्हणतात. मी सांगितलं, पँट घोड्यावर बसायला पाहिजे, नातीला.

"अम्मा, लड़की घोड़े पे? बारात उलटी कब से हो गई?"

"शादी नाय रे बाबा. स्पर्धा. ओंडक्यावरून उडी."

त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं. मग नमुन्याची पँट उलटी करून बघितली आणि म्हणाला, "गुडघे पे डबल कपड़ा मारता हूँ. गिरेगी तो पँट फटेगी नहीं." मी म्हटलं, ती पडणार नाही. म्हणाला, "अम्मा, झूलेलाल करे ना गिरे. सिलाई तो मैं गिरने के हिसाब से ही करूँगा." माणूस बरा वाटला. चहा पाजला, आणि मी बिनसाखरेचा मागितल्यावर त्याला वाईट वाटलं.

सुजितचं मात्र मला काही कळेनासं झालंय. दर रविवारी गाडी सर्व्हिसिंगला नेतो. परत येते ती आधीपेक्षा मळलेली, टायरला लाल माती, मागच्या सीटवर गवत. कसलं सर्व्हिसिंग करतात देव जाणे. मी सोनियाला म्हटलं, मेकॅनिक बदला. ती हसली आणि भाजी चिरायला लागली.

तबेला मात्र सुधारला हो. चराच्या कडा ढासळल्या होत्या, त्या नीट केल्यात. उड्यांच्या कडेला पिवळे पट्टे मारलेत, आमच्या गॅलरीतल्या डब्यात होता तसाच पिवळा. स्ट्रेचर आणून भिंतीला टांगलंय. शेडमध्ये मोठी पाटी, कोण पडलं तर कुणी काय करायचं, अँब्युलन्सचा नंबर, सगळं मराठीत. मी जयदेव सरांचं कौतुक केलं. ते म्हणाले, "न्हाई आजी, ते तुमचे चिरं..." आणि खोकला आला त्यांना. घोड्यांच्या धुळीने होतो खोकला. आल्याचा रस घ्या म्हटलं.

२१ डिसेंबर, रविवार

काल सगळं संपलं असं वाटलं. नीट लिहिते, पहिल्यापासून.

स्पर्धेला मी, राजसी, जयदेव सर आणि बत्ताशा. सुजित आला नाही. कामं आहेत म्हणाला. सोनिया म्हणाली मी फक्त बांबूच्या दिवशी येते.

शुक्रवारी कवायत झाली. बत्ताशा असा चालला की मला वाटलं याला आता कुणी पदक लावेल. वीस-बावीस पोरांत राजसी तिसरी! मी शेजारच्या अनोळखी बाईला पण मिठी मारली.

काल शनिवारी माळावरची दौड. राजसी निघाली ती बाणासारखी. पहिला ओंडका गेला, चर गेला, उतारावरचं कुंपण गेलं, डबक्यात शिरली, पाणी उडालं, पलीकडे निघाली. मी टेकाडावरून बघत होते, ओरडून ओरडून घसा कोरडा. मागून कुणी म्हणालं, ही पोरगी पहिली येणार. मी मागे वळून म्हटलं, माझी नात आहे ती.

आणि तेवढ्यात ती थांबली.

समोर तीनच उड्या उरलेल्या. बत्ताशा थांबला नव्हता, ही थांबली. लगाम ओढला, चालवत कडेला आली, आणि उजवा हात सरळ वर केला. हात वर केला म्हणजे मी सोडते, माझं संपलं. निशाणवाला माणूस धावत आला. तिने शांतपणे जाकिटाची दोरी सोडली, खाली उतरली, आणि घोड्याचा पुढचा पाय उचलून बघायला लागली.

मी टेकाडावरून कशी उतरले मला माहीत नाही. "काय झालं गं? लागलं का तुला?"

"मला नाही. डबक्यानंतर त्याचं पाऊल आखूड पडत होतं, आज्जी. दोनदा जाणवलं."

जयदेव सरांनी खुरातून काय काढलं? खडा. केवढा, तर हरभऱ्याएवढा! मी तो हातात घेऊन बघितला. एवढ्याशा खड्यासाठी तिसरी आलेली पोर बाहेर! बत्ताशा तर आता नीट उभा होता, माझ्या पिशवीत गूळ शोधत होता. दोन पोरं जाताना म्हणाली, "अरे, मारून न्यायची ना, तीनच तर होत्या." मला पण अगदी तेच वाटत होतं. जयदेव सर रागावतील म्हणून मी मधे उभी राहिले, तर त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि नुसतं म्हणाले, "शाब्बास." दया आली असणार पोरीची.

राजसी तोपर्यंत रडली नाही. गाडीत बसल्यावर रडली. "बाबा आता कधीच नाही म्हणणार, आज्जी. एकच चान्स होता. मी घालवला."

मी सुजितला फोन लावला. वाटेतच विचार केला होता, सांगू घोडा लंगडा झाला, वाढवून सांगू. पण त्याचा आवाज ऐकल्यावर खरंच निघालं. खडा, पाऊल, हात वर. सगळं.

तो म्हणाला, "कोणी सांगितलं तिला थांबायला? सरांनी?"

"नाही रे. सर लांब होते. तिचं तिनंच."

"पुढं किती उड्या होत्या?"

"तीनच रे! आणि तिसरी होती!"

"आई, तिला फोन दे."

तिकडून काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. राजसी नुसती हो बाबा, हो, हो, हो. आणि पुन्हा रडायला लागली, पण आता हसत पण होती. फोन ठेवून म्हणाली, "आज्जी, फेब्रुवारीला जायचंय. आणि बाबा पण येणार!"

मी थक्क. हरल्यावर हो म्हणाला! जिंकून आली असती तर काय म्हणाला असता? त्या मुलाचं डोकं त्याच्या बापावर गेलंय. हिरामणचं पण असंच, बैल हरले की त्यांना तेल चोळायचा. पण मला आठवलं, मी नारळ बोलले होते. एकवीरा आईच ती, दुसरं कोण. कार्ल्याला गाडी थांबवली. पायऱ्या काही मला झेपत नाहीत, खालच्या दुकानदाराच्या पोराच्या हाती नारळ वर पाठवला. फोडून प्रसाद पण घेऊन आला. गुणाचा.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ बत्ताशाला पण नेला. मला एकच खडा, त्याला मूठभर. जयदेव सर म्हणाले गोड बोला. बत्ताशा शिंकला.

७ फेब्रुवारी, शनिवार

मुक्कामाच्या खोलीत बसून लिहितेय. शुगर आज मोजली नाही. आज मोजली असती तर यंत्र फुटलं असतं.

काल संध्याकाळी सुजितने आणि राजसीने सगळा माळ पायी फिरून बघितला. या खेळात घोड्याला आधी दाखवत नाहीत, माणसाने चालून बघायचं. मी पण मागे मागे. जयदेव सर आणि सुजित पहिल्यांदाच भेटले आणि "काय राव" म्हणून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकला. पुरुषांचं असंच, ओळखीला लागत नाही वेळ. सुजित प्रत्येक उडीला हात लावून बघत होता, ओंडका हलतो का, जमीन घसरते का. एका उडीला तर अडकवलेली कडी होती, घोड्याने जोरात मारलं तर ती तुटते आणि वरचा ओंडका खाली पडतो, म्हणजे घोडा पालथा होत नाही. ते बघून सुजितचे डोळे असे चमकले जसे लग्नात सोनियाला बघून चमकले होते.

नवव्या उडीला दोन वाटा होत्या. सरळ गेलं तर अवघड कोपऱ्यावरून, वेळ वाचतो. वळून गेलं तर दोन सोप्या. सुजित काही बोलेल असं वाटलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. राजसीनेच विचारलं, "बाबा, काय करू?"

"तू वर असशील. तू ठरव."

"जागेवर बघते. बत्ताशा डोळे उघडे ठेवून आला तर सरळ. नाही तर वळते."

"बस," म्हणाला.

आज निघायची वेळ आली. जयदेव सरांनी टोपीचा पट्टा बघितला, खोगीर बघितलं, दोरी बघितली. मग सुजितने पुन्हा तेच सगळं बघितलं. मी पण बघितलं. हात न लावता! राजसी म्हणाली, "आता तिकीट पण तपासा माझं." आणि गेली.

पहिली, दुसरी, तिसरी. बत्ताशाच्या कानांवरून कळतं तो खूश आहे की नाही, आणि कान पुढं होते. डबक्यापाशी जीव गेला माझा. पाण्यात उतरताना त्याचा पाय रुतला, नाक पाण्याला लागलं, आणि राजसी त्याच्या मानेवर गेली. दोरी ताठ. मी डोळे मिटले. फट् ऐकायची वाट बघत राहिले. आलं नाही. डोळे उघडले तर तिने मान ढकलून स्वतःला खोगिरात परत बसवलं होतं आणि बत्ताशा पाण्यातून बाहेर पडत होता, एक रिकीब सुटलेली. ती घाई करेल असं मला वाटलं. नाही केली. मोठं वळण घेतलं, पाय रिकिबीत घातला, श्वास घेतला असणार, आणि मग निघाली.

नवव्या उडीला वळली. लांबच्या वाटेने. माझ्या तोंडून निघालं, अगं सरळ जा ना! सुजितने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

मग शेवटच्या उड्या. आणि तेव्हा माझा शांत लेक, फॅक्टरीत पायऱ्यांवरून हळू चाला म्हणून पाट्या लावणारा लेक, दोरीच्या कुंपणाला लटकून ओरडायला लागला. "जा! जा राजसी! सोड त्याला! जा गं माझे वाघिणी!" लोक बघायला लागले. मी पण ओरडत होते, पण माझं कुणाला ऐकू जाणार, हाच एवढा.

आली. निशाणांमधून आली. एकही उडी न चुकता, वेळेच्या आत. लांबच्या वाटेने जाऊनसुद्धा!

सुजित धावला. ही पण बापाला बघून वेडी झाली, थांबली, आणि तशीच खाली उडी मारली. दोरी सोडायची विसरली.

फट्!

टम्म फुगलेली पोर बापाच्या मिठीत. त्याचे हात पुरेनात तिच्याभोवती. बत्ताशा दचकून चार पावलं मागे सरला आणि सगळा माळ हसला. जयदेव सर म्हणाले, "एक नळी गेली की ओ!" सुजित म्हणाला, "जाऊ दे, राव." आणि डोळे पुसले. रुमाल माझा घेतला.

८ फेब्रुवारी, रविवार

आज बांबू. सोनिया आली होती, पण तिने निम्मा वेळ माझ्या पदराआडून बघितलं. एक बांबू पडला. एकच! राजसी राज्यात दुसरी. पहिली आलेली मुलगी फौजी घरातली, गोड आहे, तिने राजसीला मिठी मारली आणि मी दोघींना. पदक बत्ताशाच्या गळ्यात घातलं तर त्याने चाटलं.

सुजितचा आवाज पूर्ण बसलाय. नुसती हवा येते. हळद-दूध, गुळण्या, काही उपयोग नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल फॅक्टरीत सेफ्टीची मोठी मीटिंग होती. महिन्याला असते, अडीचशे लोकांपुढं सुजित बोलतो. आता बोलणार कसा? मी सकाळी म्हटलं, मी येते बोलायला. त्याने हात जोडले.

संध्याकाळी त्याच्या ऑफिसातल्या मीनलबाई घरी आल्या, पेढे घेऊन. त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, साहेब उभे राहिले, घशाकडे बोट दाखवलं, आणि मोठ्या पडद्यावर राजसीचा व्हिडिओ लावला. मी खूश. म्हटलं, लोक बघत राहिले असतील ना, शेवटची दौड, पाणी, बापाची मिठी?

"नाही हो आजी. तो नाही. तो डिसेंबरचा."

माझा विश्वास बसेना. डिसेंबरचा! हरभऱ्याएवढ्या खड्याचा! दुसरी आल्याचा घरात असताना ह्या शहाण्याने बाहेर पडल्याचा लावला. तो त्याच्याकडे आला तरी कुठून? व्हिडिओ काढतात जयदेव सर. यांची ओळख तर परवाची.

"सगळा दाखवला," मीनलबाई म्हणाल्या. "ती जोरात येते, पुढं तीन उड्या दिसतात, आणि हात वर करते. तिथं साहेबांनी तो थांबवला. हात वर केलेला, मोठ्या पडद्यावर. मग फळ्यावर एवढंच लिहिलं, ही माझी मुलगी. आणि आजी, सगळे उभे राहिले. शिफ्ट संपलेले लोक पण. किती वेळ टाळ्या!"

सुजित तिथंच बसला होता. मी म्हटलं, अरे, जिंकलेला लावायचा ना! तो हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलले. राजसीने पेढा अर्धा करून त्याच्या तोंडात घातला आणि तिचे डोळे भरलेले. दमलीय पोर.

मला काय, टाळ्या त्या टाळ्या. पण विचार करा, थांबलेल्या पोरीला जर अडीचशे माणसं उभी राहिली, तर धावलेल्या पोरीला काय होईल? पुढच्या महिन्याच्या मीटिंगला मी स्वतः जाणार आहे. शुगर काय यायची ती येवो.